पहिल्या बाकावर दोघी

ही गोष्ट २०२३ सालची. अधिक श्रावण पडला होता ते वर्ष. प्रमोदिनीबाईंची नात भूमिका त्या वर्षी बारावी झाली आणि नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या त्यांच्या घरात उठता-बसता एकच विषय सुरू झाला: पोरीनं दिल्लीला जायचं की वल्लीत.

दिल्ली म्हणजे दिल्लीचं मोठं विद्यापीठ. देशभरातली मुलं ज्या जागांवर डोळा ठेवून असतात, त्यातली इतिहासाची एक जागा भूमिकेला मिळाली होती. ती तिनं स्वतःच्या जोरावर मिळवली होती. त्या प्रवेशपरीक्षेत नेमकं काय विचारतात, हेही घरात कुणाला धड सांगता आलं नसतं.

वल्ली म्हणजे काटोल रोडवरचं ज्ञानवल्ली कला महाविद्यालय. एके काळी ते मुलींचं कॉलेज होतं. पुढे मुली शहरातल्या मोठमोठ्या कॉलेजांकडे वळल्या, आणि मधली कितीतरी वर्षं वल्लीत बाक होते पण बसणारं कुणी नव्हतं. आता संस्थेच्या सचिव कुसुमताई यांनी हट्टानं ते नव्या वळणाचं करून पुन्हा उघडायचं ठरवलं होतं. एका वर्गात मोजकी मुलं, आणि अर्थशास्त्रासोबत गाणं घ्या, नाहीतर इतिहासासोबत गणित घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. याला लिबरल आर्ट्स म्हणतात, असं पत्रकावर छापलं होतं. ते वाचून प्रमोदिनीबाई हसल्या होत्या. त्यांच्या वेळी वल्लीत हेच चालायचं, फक्त त्याला नाव नव्हतं.

कारण प्रमोदिनीबाई स्वतः वल्लीच्या. त्या आणि कुसुम एका वर्गातल्या.

चौऱ्याहत्तर साली मॅट्रिकनंतर प्रमोदिनीच्या वडिलांनी शिक्षण बंद करायचं ठरवलं होतं. वडील गिरणीत होते. पोरीनं एकटीनं गिट्टीखदानाच्या पुढे, त्या माळावर रोज जायचं, हे त्यांना पटेना. तेव्हा कुसुम त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. दुपारची बसली ती दिवेलागणीपर्यंत. "काका, सोबत नेईन अन् सोबत आणीन," एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा बोलत राहिली. शेवटी कंटाळून वडील हो म्हणाले. आणि कुसुमनं ते वाक्य पाळलं. बी.ए. होईपर्यंत एक दिवस असा गेला नाही की तिची सायकल दाराशी येऊन घंटी वाजली नाही. प्रमोदिनीला विषमज्वर झाला तेव्हाही ती यायची, खाटेशेजारी बसून वर्गातलं सगळं वाचून दाखवायची आणि मग एकटी पुढे जायची. त्या बी.ए.वर प्रमोदिनीला टेलिफोन ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, संसार झाला. कुसुमनं शब्द दिला म्हणजे पुढचं बघायचं कारण नाही, हे प्रमोदिनीच्या अंगात तेव्हापासून मुरलं होतं.

२०२३च्या त्या उन्हाळ्यात कुसुमताई घरोघर फिरल्या. नागपुरात मे महिन्यात डोक्याला दुपट्टे बांधून शिक्षक पोरं शोधत हिंडतात, तशाच. फरक एवढाच की या सत्तरीला टेकलेल्या होत्या आणि ऑटोतून उतरताना गुडघा धरून उतरायच्या. संस्थेतल्या मंडळींनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: पहिला वर्ग भरला नाही तर ही जागा लग्नाच्या लॉनसाठी द्यायची. काटोल रोडवर आधीच लॉनला लॉन लागून होते. कुसुमताईंना रात्री झोप लागायची नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या.

दिल्लीची पहिली यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या त्रिमूर्तीनगरला आल्या. प्रमोदिनीबाईंनी बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा केला होता.

"काय वं प्रमो, हात तसाच आहे तुझा. डोळ्यात पाणी आणते."

"तुले पाणी आणायले पाटोडी कायले पायजे? तुमची मीटिंग पुरे आहे त्याले."

जेवताना अंकुश, प्रमोदिनीबाईंचा मुलगा, म्हणाला, "मावशी, पण दिल्लीचं नाव मोठं आहे." अंकुश विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कंपनीत होता. नाव मोठं असलं की पुढे काय काय सोपं होतं, हे त्यानं पाहिलं होतं.

"नाव विद्यापीठाचं मोठं आहे गा. पोट्टीचं काय? तिथं हजारात ही एक. मास्तर मान वर करून पाहत नाही. वल्लीत ही नुसती शिंकली तरी चार जण विचारतील, काय वं, सर्दी झाली काय?"

"म्हणजे शिंकायची पण चोरी, कुसुमआजी," भूमिका म्हणाली, आणि सगळे हसले. कुसुमताई सगळ्यात जास्त.

भूमिकेचं मन खरं तर दोन्हीकडे होतं. वल्लीच्या खुल्या दिवशी ती जाऊन आली होती. एका तरुण बाईंनी नागपूरकर भोसल्यांच्या काळावर तासभर असं काही सांगितलं होतं की ती घरी येऊनही तेच बोलत राहिली. पण दिल्लीचं नाव घेतलं की तिच्या चेहऱ्यावर एक वेगळाच उजेड यायचा. तो प्रमोदिनीबाईंना दिसायचा आणि त्या दुसरीकडे बघायच्या. तिथे जाऊन पोरगी एकटी पडेल ही भीती होतीच. आपली वल्ली पुन्हा उघडतेय आणि पहिल्या वर्गात आपली नात असावी, ही हौसही होती.

"काजलचं काय ठरलं?" भूमिकेनं विचारलं.

काजल ही कुसुमताईंची नात, भूमिकेची बालवाडीपासूनची मैत्रीण. दिल्लीची प्रवेशपरीक्षा दोघींनी सोबतच दिली होती.

"ठरायचं काय त्यात? काजल वल्लीतच. पहिल्या बाकावर दोघी. सोबत जा, सोबत या."

"तिनं फी भरली का?" हे भूमिकेच्या आईनं, मायानं विचारलं. माया बोलायची कमी, पण विचारायची ते नेमकं.

कुसुमताईंनी पाटोडीचा तुकडा रश्शात बुडवला. "अधिक चालू आहे ना वं माया. तिच्या आजोबाचं म्हणणं, घरच्या पोट्टीचं शुभकाम अधिक महिन्यात नको. महिना सरला की करू. घरचंच तर कॉलेज आहे, पळून चाललं काय?"

"मग भूमिकेचं अधिकात चालते?"

"तुमच्या घरी कोणी पाळत नाही म्हणून म्हटलं. पाळत असाल तर तुम्हीही थांबा." मग कुसुमताईंनी जोडलं, "पण मले वर्गाची संख्या विद्यापीठाले कळवायची आहे."

मायानं सासूकडे पाहिलं. प्रमोदिनीबाईंनी कुसुमच्या ताटात आणखी भात वाढला. अधिक महिन्याचं कारण त्यांना अगदी खरं वाटलं. नागपुरात माणसं अधिकात घर घेत नाहीत, गाडी घेत नाहीत, मग पोरीचा प्रवेश थांबवला तर नवल काय?

काजलशी बोलायला भूमिकेनं त्या संध्याकाळी फोन केला. लागला नाही. कुसुमताईंनी सांगून ठेवलंच होतं की ती काटोलला मामाकडे गेली आहे आणि तिचा मोबाइल पाण्यात पडला आहे.

दिल्लीची जागा घ्यायची की सोडायची, हे कळवायच्या शेवटच्या दिवशी अंकुश जेवायच्या सुट्टीत घरी आला. "आई, मी काय म्हणतो, दिल्लीची जागा धरून ठेवू. पैसे गेले तर गेले. काजलचं पक्कं झालं की सोडून देऊ."

"म्हणजे कुसुमच्या शब्दावर पहारा ठेवायचा?"

"पहारा कशाला, सावधगिरी."

"अंकुश, तुझ्या आजोबानं त्या बाईच्या शब्दावर मले घराबाहेर जाऊ दिलं. त्यांनी नाही मागितली पावती."

भूमिका लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. स्वीकाराची खूण पडद्यावर समोर होती. तिनं आजीकडे पाहिलं. "आजी, तुझा शब्द?"

"माझा शब्द," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

भूमिकेनं लॅपटॉप मिटला. दुपार टळली आणि दिल्ली गेली.

वल्लीचा पहिला दिवस छान झाला. आंब्याच्या पानांचं तोरण, सगळ्यांनी आपापले डबे आणून सतरंजीवर मांडलेली पंगत, शिक्षकही मुलांमध्येच बसलेले. ही पंगत जुनी, प्रमोदिनीबाईंच्या वेळची. त्यांना बोलावणं होतं म्हणून त्याही गेल्या, आणि आपण बसायचो त्याच खिडकीखाली बसून जेवल्या. पहिल्या बाकावर भूमिकेशेजारची जागा मात्र रिकामी होती.

"काजलले ताप आहे वं," कुसुमताई घाईघाईत म्हणाल्या. "व्हायरल. सगळ्या नागपुरात चालू आहे."

दोन-तीन दिवसांनीही ताप उतरला नाही, तेव्हा प्रमोदिनीबाईंनी मुगाची खिचडी केली, वर साजूक तूप घातलं, डबा पिशवीत ठेवला आणि ऑटोनं फ्रेंड्स कॉलनीत कुसुमताईंच्या घरी गेल्या. भूमिकेला सोबत येतेस का विचारलं, तर ती नको म्हणाली. आजारी मैत्रिणीकडे जायला नको म्हणते, याचं त्यांना वाटेत जरा वाईट वाटलं.

दार देवाजींनी उघडलं. देवाजी म्हणजे कुसुमताईंचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त झालेले, मोकळा माणूस.

"ये ये प्रमोदिनी. कुसुम कॉलेजात आहे, येईलच. हे काय आणलं?"

"खिचडी. काजलसाठी. ताप आहे म्हणे ना."

देवाजी मोठ्यानं हसले. "ताप दिल्लीले अन् खिचडी फ्रेंड्स कॉलनीत?"

प्रमोदिनीबाईंना वाटलं थट्टा चालली आहे. त्याही हसल्या. "बोलवा ना तिले."

"अवं, कोणाले बोलवू? ती दिल्लीले नाही का गेली? आम्ही सगळे स्टेशनवर गेलो होतो सोडायले. फोन आला तिचा तर तापाचं विचारतो, आमाले तर बोलली नाही." मग त्यांच्या लक्षात आलं की समोरची बाई हसायची थांबली आहे. "कुसुमनं तुले बर्फी नाही दिली? संत्रा बर्फी वाटली ना सगळ्या गल्लीत. थांब, असेल आत."

ते खरंच आत गेले आणि डबा घेऊन आले. डब्यात कोपऱ्याला दोन वड्या उरल्या होत्या, कडेला सुकलेल्या.

"तुम्ही अधिक पाळता ना, भाऊजी?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. आपण हे का विचारतोय ते त्यांना कळत नव्हतं.

"मी? अधिकात मी गच्चीचा पत्रा बदलला. काहून?"

"काजलची जागा कधी नक्की झाली?"

"यादी लागली त्याच दिवशी. तिच्या बापानं दुपारीच पैसे भरून टाकले, वाट कायची पाहायची? दुसऱ्या दिवशी कुसुम तुमच्याकडेच तर आली होती, पाटोडी खायले. मले वाटलं, हेच सांगायले चालली."

प्रमोदिनीबाई खुर्चीवर बसून राहिल्या. देवाजींनी पाणी आणलं, पंखा मोठा केला, काय झालं म्हणून विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे कुसुमची बोटं होती, रश्शात पाटोडी बुडवणारी. जेवण उतरलं कसं तिच्या घशाखाली, हेच त्यांना समजत नव्हतं.

कुसुमताई आल्या, हातात कॉलेजच्या फायली. दारातच त्यांनी प्रमोदिनीबाईंना पाहिलं, टीपॉयवरची बर्फी पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं. देवाजी गडबडीनं आत निघून गेले.

"प्रमो, मी सांगणारच होते."

"कधी? भूमिकेची चार वर्षं झाल्यावर?"

"पोरगा ऐकेना माझा. म्हणे, आई, तुझ्या हट्टापायी माझ्या पोरीचं नुकसान नको. मी काय करू? पोरगी त्याची आहे."

"अन् माझी पोरगी कोणाची होती?"

कुसुमताई समोर बसल्या. "तू ऐकून तर घे. भूमिका येते म्हटल्यावर तिच्या शाळेतल्या आणखी मुली आल्या. हुशार पोट्टी येते तिथं बाकीच्या येतात. ती नसती आली तर वर्ग उभा राहिला नसता. वल्ली गेली असती प्रमो. आपली वल्ली. तिथं मंडप पडले असते, डीजे वाजला असता. तुले चाललं असतं?"

"मले विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, काय चाललं असतं ते."

"विचारलं असतं तर तू पोट्टी दिली नसती."

"मग तुले माहीत होतं."

कुसुमताईंनी हातातल्या फायली टीपॉयवर ठेवल्या. म्हणाल्या, "कॉलेज वाईट आहे काय? तू पाहिलं ना. शिकवणारे पाहिले. मी खोटं बोलले नाही त्यात. पोरींसाठी चांगलंच आहे ते."

"दुसऱ्याच्या पोरींसाठी," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "एवढं चांगलं असतं तर तू काजलच्या बापाच्या ओट्यावर बसली असती कुसुम, माझ्या बापाच्या ओट्यावर बसली होती तशी. दिवेलागणीपर्यंत. तिथं नाही बसली. तिथं एका शब्दात उठली, अन् माझ्या घरी येऊन जेवली."

त्या उठल्या. कुसुमताई दारापर्यंत मागे आल्या. "प्रमो, ऑटो बोलावते. ऊन आहे."

"मी जाईन. मले आता सवय करायची आहे एकटं जायची."

घरी पोचेपर्यंत चार वाजले. भूमिका कॉलेजातून आली होती, पलंगावर वाचत पडली होती. प्रमोदिनीबाईंनी तिच्या शेजारी बसून जे झालं ते सांगितलं. देवाजींचं बोलणं, यादीचा दिवस, अधिक महिना, सगळं. सांगताना त्यांना रडू आलं. भूमिका मात्र शांत होती. पुस्तकावरून तिनं मान वर केली एवढंच.

"मले माहीत आहे, आजी."

"कोणी सांगितलं?"

"कोण सांगेल? फोटो टाकला ना तिनं. हॉस्टेलचा. वल्ली सुरू व्हायच्या आदल्या दिवशी."

"अन् तू बोलली नाही? पहिल्या दिवशी तिथं माझ्याशेजारी पंगतीत बसून जेवली अन् बोलली नाही?"

भूमिकेनं पुस्तक मिटलं. "मले वाटलं, तुले माहीत आहे."

प्रमोदिनीबाईंना आधी अर्थच लागला नाही.

"तुम्ही दोघी इतक्या पक्क्या मैत्रिणी. कुसुमआजी तुझ्यापासून काही लपवत नाही, तूच सांगते. मले वाटलं, तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं. वल्ली वाचवायची म्हणून. तू शब्द दिला ना आजी. मग मी काय विचारू?"

"भूमी, तुझी आण घेऊन सांगते..."

"ठीक आहे ना. आता कळलं मले." ती उठून चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, साखर किती टाकू. जन्मापासून ती आजीसोबत राहत होती आणि आजीच्या चहात साखर किती, हे तिला ठाऊक होतं.

अंकुशनं दुसऱ्या दिवसापासून इकडेतिकडे फोन केले, ओळखी काढल्या. दिल्लीची सुटलेली जागा सुटली होती. घरात प्रमोदिनीबाईंना कुणी काही बोललं नाही. मायानं तर एक अक्षर काढलं नाही, आणि तेच त्यांना सगळ्यात जड गेलं.

वल्ली चांगली चालली. हेही सांगायला हवं. ती वाईट निघाली असती तर रागाला धरायला काही मिळालं असतं. पहिला वर्ग टिकला, पुढच्या वर्षी मुली आपसूक आल्या आणि लॉनचं नाव निघालं नाही. काटोल रोडवर कॉलेजचे मोठे फलक लागले, त्यावर भूमिकेचा हसरा फोटो होता, तिला न विचारता छापलेला. जाता-येता ओळखीचे लोक प्रमोदिनीबाईंना सांगायचे, तुमची नात पाहिली बरं का. त्या हो म्हणायच्या.

देवाजी पुढच्या वर्षी हृदयविकारानं गेले. प्रमोदिनीबाई भेटायला गेल्या, कुसुमताईंच्या शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि उठून आल्या. त्या दोघींचं त्यानंतर बोलणं झालं नाही. कुसुमताई अजून सचिव आहेत. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आता काठी घेऊन फिरतात. कुणी जुन्या दिवसांचं विचारलं की आपण प्रमोदिनीला सायकलवरून कसं न्यायचो, हे त्या अजून सांगतात.

काजल दिल्लीतच रमली. दिवाळीला घरी येते. पहिल्या दिवाळीला ती भूमिकेला भेटायला आली होती. दोघी गच्चीवर तासभर बसल्या. खाली उतरताना काजलचे डोळे लाल होते आणि भूमिकेचे कोरडे. मैत्री तुटली नाही, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांवर येऊन थांबली.

अंकुशची बदली हैदराबादला झाली, दर पंधरवड्यानं येतो. माया सासूचं सगळं करते, पूर्वीसारखंच.

भूमिका तीन वर्षांनी पदवी घेऊन वल्लीतून बाहेर पडली, ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला थांबली नाही. भोसल्यांच्या काळावर शिकवणाऱ्या त्या तरुण बाईंचं नाव ती आजही मानानं घेते. पुढच्या शिक्षणासाठी तिनं कुठे अर्ज केले, मुलाखती कधी झाल्या, कुठली दोन पत्रं समोर ठेवून तिनं कुठलं निवडलं, यातलं काही घरात कुणाला कळलं नाही. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मी हैदराबादला चालले शिकायला. मोठं विद्यापीठ आहे. बाबा तिथंच आहेत, पण राहीन हॉस्टेलवर."

प्रमोदिनीबाईंचा घास हातात राहिला. "कधी ठरवलं?"

"झालं महिनाभर," ती म्हणाली, आणि पोळी वाढून घेतली.